जंबेरीवरची गाठ

ताई गेल्यानंतर घरात जी झाडं उरली, त्यांतल्या एकाच्या पानाला लिंबाचा वास येत होता. तसा तो यायला नको होता. मी त्या झाडाला संत्रं समजून पाणी घालत होते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती सरकारी नोकरीत नर्स होती, मी कॉलेजच्या ग्रंथालयात. दोघींनीही लग्न केलं नाही, आणि ती निवृत्त झाल्यावर आम्ही शहराच्या कडेला हुडकेश्वरला छोटं घर बांधून एकत्र राहायला लागलो. कामाची वाटणी बोलून कधी ठरली नाही, पण होती. जे जिवंत ते तिचं आणि जे छापलेलं ते माझं. झाडं, मांजर, दूधवाला, शेजारपाजार तिच्याकडे. वर्तमानपत्र, विजेचं बिल आणि औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर माझ्याकडे. अंगणातल्या कुंड्यांमध्ये काय काय आहे हे मला विचारलं असतं तर मी ‘झाडं’ एवढंच सांगू शकले असते.

या एका कुंडीचं मात्र मला माहीत होतं, कारण तिच्यात माझं एक बोट होतं.

ताईच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं कुहीकडच्या एका गावात गेली. दवाखान्यामागे तिची क्वार्टर होती आणि क्वार्टरच्या मागच्या दारात एक संत्र्याचं झाड. सगळीकडे धानाच्या बांध्या आणि मधेच हे एकटं झाड, कोणी लावलं ते कोणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी तिथे जाऊन राहायची. ताई ड्युटीवरून आली की आधी त्या झाडाकडे जायची, एक पान तोडायची, बोटांत चुरगाळायची आणि हुंगत हुंगत घरात यायची. दिवसभर डेटॉलचा वास घेतल्यावर नाक धुवावं लागतं, असं म्हणायची. मग ते पान माझ्या पुस्तकावर टाकायची.

मागच्या डिसेंबरात तिकडच्या ओळखीच्या कोणीतरी फोन करून सांगितलं की जुन्या क्वार्टर पाडायला घेतल्या आहेत. ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने एकटीच गेली आणि संध्याकाळी स्टीलचा डबा घेऊन परत आली. डब्यात ओलं फडकं होतं आणि फडक्यात पेन्सिलीएवढी एक हिरवी काडी. मी विचारलं, आणि झाड? ती म्हणाली, “झाड तोडून राहिले होते मी गेली तेव्हा. हे उरलं.”

संत्र्याची काडी नुसती मातीत खोचून झाड होत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती दुसऱ्या एका झाडावर चढवावी लागते. त्यासाठी जंबेरीचं रोप लागतं. जंबेरी म्हणजे एक रानटी, काटेरी लिंबू. तिचं फळ कोणी फारसं खात नाही, पण तिची मुळं दणकट असतात. ताईने असं एक रोप आधीच वाढवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पायरीवर बसली, नव्या ब्लेडने जंबेरीच्या खोडाची साल थोडी उघडली, काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातली ती बारीक कळी, सालीसकट काढून आत सरकवला आणि वरून दुधाच्या पिशवीची कापलेली पट्टी गुंडाळायला लागली. मी दारात वाचत बसले होते. तिने मला बोलावून पट्टीचं टोक दाबून धरायला लावलं.

“बोट नको हलवू वं. पेशंट आहे.”

तिने गाठ मारली. मी विचारलं, लागलं की नाही हे कधी कळेल? ती म्हणाली, सांगीन तुले.

जानेवारीत एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दुपार व्हायच्या आत ती गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अंगण भरून माणसं आली, वंदना झाली, तिच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी नर्स आल्या आणि सगळ्यांनी मला पाणी प्यायला लावलं. मग घर रिकामं झालं. मांजर माझ्याकडे आणि मी कुंड्यांकडे पाहत राहिलो.

पाणी घालणं मला जमलं. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, आणि तेव्हा मला वाचवतही नव्हतं. फेब्रुवारीत त्या कुंडीतलं झाड एकदम अंगात आल्यासारखं फोफावलं. वर तकतकीत पालवी, काटे, रोज नवं पान. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, तुमच्या ताईंचं संत्रं मस्त निघालं हो. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बरेच दिवस तपासून पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी सहज, ताईच्या सवयीने, मी एक पान चुरगाळलं. लिंबू. स्वच्छ लिंबाचा वास.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात फळझाडांवरची दोन पुस्तकं काढली. त्यांत सगळं नीट दिलं होतं. पट्टीच्या वर जे वाढत होतं ते संत्रं नव्हतंच. ती जंबेरीच होती. काकू आणि मी इतके दिवस जिचं कौतुक करत होतो ती रानटी बाई होती. संत्रं म्हणून जे काही होतं ते अजून पट्टीखाली होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. पट्टी तीन-चार आठवड्यांत सोडावी, असं पुस्तकात होतं. सोडली नाही तर काय होतं, ते नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असावं की ज्याने बांधली तो सोडायला असेलच.

मी घरी येऊन पट्टी पाहिली. दुधाच्या पिशवीवरची निळी अक्षरं खोडाभोवती वळसा घालून गेली होती आणि वर ती गाठ. गावातलं झाड तर गेलं होतं. आता ते कुठे असलंच तर या पट्टीखाली होतं. मी दोनदा गाठीला हात लावला आणि काढून घेतला. आत डोळा मेलेला असेल तर तो मेलेलाच राहणार होता, पण मी उघडेपर्यंत मला ते माहीत नसणार होतं. आणि जिवंत असेल तर माझ्या हातून मरायचा. पुस्तकातल्या रेखाचित्रावरून मी याआधी स्वेटरसुद्धा विणू शकलेले नाही.

दर वर्षी उन्हाळा लागायच्या आधी शहरातल्या एका जुन्या बागेत दोन दिवस रोपांची विक्री भरते. मांडवात जाणकारांची भाषणंही असतात. ताई कधी चुकवायची नाही. मी सोबत जायची, शेवटच्या रांगेत पुस्तक घेऊन बसायची आणि निघताना पिशव्या धरायची. डोळा बांधायचं ती तिथेच शिकली होती, कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंकडून. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणतात. मागच्या वर्षी मॅडमनी स्टेजवर एक डोळा बांधून दाखवला तेव्हा ताई भर मांडवात उभी राहिली आणि म्हणाली की मॅडम, माफ करा, पण तुमचं बँडेज सैल आहे. लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ताईला वर बोलावलं, पट्टी हातात दिली आणि बांधून दाखवा म्हणाल्या. ताईने बांधून दाखवलं. ते पाहायला मीसुद्धा पुस्तकातून डोकं वर काढलं होतं.

यंदा मी एकटी निघाले. झाडाचं वर्णन करून सांगणं मला जमलं नसतं, म्हणून कुंडीच घेतली. ई-रिक्शावाल्याने ती दोन्ही हातांनी उचलून पायाशी ठेवली आणि वाटभर वळणावर एका हाताने धरून गाडी चालवली.

बागेच्या फाटकावर चौकीदाराने मला थांबवलं. त्याला कुंडी पटेना.

“काकू, सारे लोक झाड घेऊन बाहेर निघून राहिले. तुम्ही आत कुठं चालल्या?”

मी म्हटलं, दाखवायला आणलंय. त्याने जंबेरीच्या काट्यांकडे पाहिलं आणि सांगितलं की निघताना पावती दाखवा लागते, तेव्हा मी आत्ताच त्याचा चेहरा नीट पाहून ठेवावा आणि तो माझा पाहून ठेवेल. आम्ही एकमेकांचे चेहरे पाहून ठेवले.

आत पिटुनिया शेवटच्या बहरात होते. अडेनियम, बोगनवेल, गांडूळखताची पोती, हिरव्या जाळीचे गुंडाळे. उन्हाला धार आली होती आणि लोक रोपं छातीशी धरून सावलीसावलीने चालत होते. मांडवापर्यंत पोचेस्तोवर तिघांनी मला माझ्या झाडाचा भाव विचारला. एका बाईंनी तर पान तोडून वास घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, लिंबू आहे, घेऊ नका.

मी पहिल्या रांगेत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. कुंडी पायाशी ठेवली.

मॅडम वाळल्यासारख्या दिसत होत्या, पण आवाज तोच. उन्हाळ्यात कुंड्या कशा वाचवायच्या यावर त्या बोलल्या. मग प्रश्न सुरू झाले. एका गृहस्थांनी विचारलं, मॅडम, आमचा कढीपत्ता काहून वाढून नाही राहिला? मॅडमनी विचारलं, रोज तोडता का? गृहस्थ म्हणाले, रोज कुठे, भाजी-वरणापुरता. मॅडम म्हणाल्या, मग तो वाढतो आहे, तुमच्या वरणात वाढतो आहे. मांडव हसला. मला हे सगळं नवीन होतं. इतकी वर्षं मी या मांडवात बसले होते आणि लोक इथे इतके मजेशीर प्रश्न विचारतात हे मला ठाऊक नव्हतं. ताईला रात्री जेवताना ते सगळं सांगायचं असायचं. मी हूं हूं करत ऐकायची.

शेवटी मॅडमनी डोळा बांधून दाखवला. त्यांनी काडीवरची पानं कापली, पण प्रत्येक पानाचा देठ जरासा शिल्लक ठेवला. देठ काहून ठेवता, असं मागून कोणीतरी विचारलं.

“तोच तर आपला डॉक्टर आहे,” मॅडम म्हणाल्या. “पट्टी सोडल्यावर त्या देठाला बोट लावायचं. गळून पडला तर डोळा लागला. चिकटून राहिला तर गेला.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कढीपत्तावाल्या गृहस्थांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, मॅडम, हे उलटं नाही का झालं?

मॅडमनी मांडवाच्या बाहेर बोट दाखवलं. तिथे कडुलिंबाची एक फांदी वादळात मोडून लटकत होती, वाळलेल्या पानांसकट. आणि तिच्या खाली त्याच कडुलिंबाच्या जिवंत फांद्यांची पिवळी पानं सारखी गळत होती. जिवंत फांदी जुनं पान स्वतःहून सोडते, त्या म्हणाल्या, सोडायलाही जीव लागतो. मेलेल्या फांदीला पान सोडता येत नाही.

मी त्या दोन फांद्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. दोन्ही पुस्तकांमध्ये हे नव्हतं. असतंही कदाचित, मी फक्त पट्टीचा भाग वाचला होता.

भाषण संपल्यावर मॅडमभोवती गर्दी झाली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर पांढऱ्या किड्यांचे, करपलेल्या पानांचे फोटो. खरं झाड आणलेली मी एकटीच होते. माझी पाळी आली तेव्हा मॅडमनी आधी कुंडी पाहिली, मग मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

“तुमच्याबरोबरच्या त्या सिस्टर नाही आल्या?”

“ती गेली,” मी म्हटलं. “जानेवारीत.”

हे मी तोवर कोणाला सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं. मॅडमनी मान हलवली, खुर्ची ओढली आणि कुंडीसमोर बसल्या. बाकीच्यांना त्यांनी जरा थांबा म्हणून सांगितलं. मी त्यांना डिसेंबरपासूनचं सगळं सांगितलं. क्वार्टर, डबा, काडी, आणि हेही की मूळ झाड आता नाही. त्या ऐकताना खोडावरून बोट फिरवत होत्या.

पट्टी खोडाला काचायला लागली आहे, त्या म्हणाल्या, आणखी थोडे दिवस राहिली असती तर साल तिच्यावर चढली असती. डोळा आत तग धरून असू शकतो. जंबेरीचा शेंडा कापला नाही तर डोळा फुटत नाही, नुसता थांबून राहतो. पण किती थांबेल ते सांगता येत नाही. मग त्यांनी गाठ पाहिली आणि पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, माळी टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचतात, गाठ मारत नाहीत. “भर मांडवात माझं बँडेज सैल म्हणाल्या होत्या. मी अजून माझ्याच पद्धतीनं बांधते, सांगून ठेवते.”

त्यांनी ब्लेड काढलं.

“थांबा,” मी म्हटलं. “मला येते ती सोडता.”

ताई नर्सिंगला होती तेव्हा सुट्टीत घरी आली की माझ्यावर सराव करायची. मी शाळेत होते. माझं डोकं, कोपर, घोटा, जिथे जमेल तिथे ती बँडेज बांधायची, आणि मी तशीच वाचत बसायची. आई म्हणायची, हिला कोणी पाहिलं तर वाटेल घरात मारामारी झाली. सराव संपला की ताई बँडेज सोडायला यायची नाही. ते मलाच सोडावं लागे. पेशंटला दुखू नये म्हणून ही गाठ असते, ती सांगायची, बसते घट्ट पण सुटते एका ओढीत, फक्त कोणतं टोक कुठे ओढायचं ते माहीत पाहिजे. एक टोक धरायचं आणि जिकडून आलं तिकडे सरळ मागे ओढायचं. गाठ उलटते आणि दुसऱ्या टोकावरून सरकून निघते.

प्लास्टिक उन्हाने ताठ झालं होतं. नखाने टोक वर काढायलाच वेळ लागला. मी ओढलं. गाठ आधी हलली नाही. मग उलटली आणि सुटली.

वेढे मी एकेक करून काढले. माझ्या मागे कढीपत्तावाले गृहस्थ आणि मोबाइलवाले सगळे वाकून पाहत होते, हे मला नंतर कळलं. पट्टीखालची साल फिकट होती, ओलसर, प्लास्टरमधून काढलेल्या हातासारखी. तिच्यात ढालीच्या आकाराचा एक तुकडा बसवलेला दिसत होता आणि तुकड्यावर देठाचं तपकिरी टोक. त्याच्या बगलेत काय आहे ते मला दिसेना. चष्मा घातलेला असूनही दिसेना.

मी बोट पुढे केलं.

देठ गळून पडला. मी त्याला लावलं असं म्हणण्याइतकंही लावलं नव्हतं. तो कुंडीतल्या मातीवर पडला आणि त्याच्या जागी एक स्वच्छ खूण राहिली, आणि खुणेच्या वर डोळा. हिरवा.

“लागला,” मॅडम म्हणाल्या.

मागून कोणीतरी उगीचच टाळी वाजवली आणि मग थांबला. मी मातीतला तो देठ शोधायला लागले, पण मातीत तो मातीच्याच रंगाचा होता.

मग मॅडमनी कात्री काढली आणि सांगितलं की आता जंबेरीचा वरचा भाग उतरवायचा. मला ते होणार हे माहीत होतं, पुस्तकात होतं, तरी मी कुंडी जवळ ओढली. तीच पालवी मी महिनाभर वाढताना पाहिली होती. ती संत्रं नव्हती, पण त्या दिवसांत घरात वाढत असलेलं तेवढंच होतं. मी विचारलं, सगळं कापावंच लागतं का? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, एक दुसरी रीत आहे. डोळ्याच्या थोडं वर खोड अर्ध्याहून जास्त कापायचं आणि शेंडा मोडून आडवा करायचा, तोडायचा नाही. आडवी पडली तरी तिची पानं काम करत राहतात, मुळांना आणि डोळ्याला पोसतात. डोळा हातभर वाढला की मग ती काढायची. बागायतदार असं करतात. दिसायला वाईट दिसतं, एवढंच.

मी म्हटलं, वाईट दिसू दे.

काप त्यांनी दिला, शेंडा मी वाकवला. लाकूड करकरलं आणि सगळा मांडव लिंबाच्या वासाने भरला.

फाटकावर चौकीदाराने मला ओळखलं, झाडाला ओळखलं नाही. आत जाताना उभं होतं, तो म्हणाला. पावती मागायची की नाही याचा त्याने थोडा विचार केला आणि मग असलं झाड कोणी विकत घेणार नाही असं त्याचं त्यालाच पटलं असावं. रिक्शावाला वेगळा होता. त्याने कुंडी चढवताना हळहळून विचारलं, ताई, झाड मोडलं न तुमचं? मी म्हटलं, मोडलं नाही, मोडून ठेवलंय. त्याने गतिरोधकांवर गाडी फार हळू घेतली.

आता एप्रिल आहे. कुंडी मी हिरव्या जाळीखाली सरकवली आहे. जंबेरी अजून आडवी पडून आहे, पानं तकतकीत, आणि तिच्या मोडलेल्या कोपऱ्याखाली, ताईने बांधलेल्या डोळ्यातून एक सरळ कोंब वर निघाला आहे. शेजारच्या काकूंना मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे आधीचं कौतुक वाया गेलं म्हणायचं. मी म्हटलं, नाही, ते खाली मुळांना लागलं.

ती पट्टी मी धुऊन स्वयंपाकघरातल्या टाइलला चिकटवून वाळवली, ताई दुधाच्या पिशव्या वाळवायची तशी. अजून तिथेच आहे.

एक गोष्ट मला रोज आठवून पाहावीशी वाटते आणि आठवत नाही. क्वार्टरच्या मागच्या दारातून ताई यायची तेव्हा तिच्या बोटांना जो वास असायचा, तो कसा होता? लिंबाचा नव्हता, एवढं नक्की. फळाचाही नव्हता. पुस्तकावर टाकलेली ती पानं मी वाचता वाचता बाजूला सारायची, कधी नाकाशी नेली नाहीत. कोंबाला आत्ता दोनच पानं आहेत, कोवळी, नखाएवढी. ती तोडवत नाहीत. रोज सकाळी पाणी घालताना मी वाकून पाहते, तिसरं आलं का म्हणून. चार झाली की त्यातलं एक घेईन आणि चुरगाळून पाहीन.